पट किती झाला, बाई?

आतार गुरुजी गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आमच्या आजी-माजी शिक्षकांच्या ग्रुपने याआधी दोन धडधाकट माणसांना श्रद्धांजली वाहिलेली आहे. त्यातल्या एकाने तर खाली स्वतःच हात जोडल्याचं चित्र टाकून सगळ्यांचे आभार मानले होते. म्हणून मी दुपारी गुरुजींच्या घरी फोन लावला. त्यांच्या मुलीने, शबानाने उचलला. "हो बाई, पहाटे गेले. झोपेतच," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "तुमच्यासाठी एक फाइल ठेवलीय अब्बांनी. वर तुमचं नाव लिहिलंय. सवडीने या." फोन ठेवला, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की त्या फाइलमध्ये काय असेल. मी अशीच आहे. मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय मी पिशवीत टाकत नाही, आणि माणसांनाही कधी ती सवलत दिली नाही.

खरं म्हणजे आत काय असू शकतं याची भीती मला होतीच. पंचवीस वर्षांपूर्वी मी गुरुजींविरुद्ध एक निनावी अर्ज केला होता. तो मी केला हे त्यांना कळलं होतं की नाही, एवढं एक मला तेव्हापासून कधी कळलं नव्हतं. ते माझ्याशी चांगलं बोलले की वाटायचं, कळलंय. गप्प राहिले की वाटायचं, नक्कीच कळलंय. फाइल आणायला मी तीन आठवडे गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं.

आमची शाळा वारज्याच्या बाजूची. आज तिथं नवखा माणूस आला तर मूळ गाव कुठं होतं ते बोट दाखवून सांगावं लागतं, पण गुरुजी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा ते सरळ सरळ खेडं होतं. स्वातंत्र्य मिळून पंधराएक वर्षं झाली असतील. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओवरी, एक फळा आणि चारही इयत्तांना मिळून एकच शिक्षक. पेठेत गुरुजींच्या घरचं अत्तराचं दुकान होतं. ते भावांकडे सोडून हे रोज सायकलने जायचे, कानात अत्तराचा फाया. मुसलमान मास्तर देवळात बसून बाराखडी शिकवतोय याचं गावाला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढे आम्हा शहरातून गेलेल्यांना. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या आडनावाचाही संशय होता. असा हुशार माणूस, हातात चालतं दुकान असताना, आडगावच्या मराठी शाळेत उभा जन्म का काढेल? काहीतरी असणार, असं मी घरी म्हणायचे. काय असणार, ते मला कधी सांगता आलं नाही.

शाळेच्या खोल्या कशा उभ्या राहिल्या ते मला गावातल्या आण्णांनी सांगितलं. आण्णा म्हणजे शाळेला जागा देणारे शेतकरी, पुढे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पावसात ओवरी गळायची तेव्हा ते म्हणाले होते, "गुरुजी, पोरं भिजत्यात. आमचा गोठा रिकामाच हाय, तिथं बसवा." दोन वर्षं गोठ्यात शाळा भरली. मग खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा गुरुजींनी एक अट घातली. पायाला दगड गावानेच टेकडीवरून आणायचे, पण ज्या घरचं मूल शाळेत येत नाही त्या घरचा दगड घ्यायचा नाही. एका मुलामागे एक दगड, आणि मुलीचा वेगळा. आण्णांचे दोघे मुलगे शाळेत होते. त्यांच्या चुलतभावाचे तीन दगड लागले तसे आण्णा चवताळले. "मग काय, धाकटी पोरगी बी घातली. भावकीत कमी पडायचं का?" आण्णा हे हसत हसत सांगायचे. मला ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटली, म्हणून मी एकदा जुन्या रजिस्टरात बघून आले. आण्णांच्या धाकट्या मुलीचं नाव त्याच वर्षी घातलेलं होतं, जन्मतारीख एक जून. त्या पानावर निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा होता.

मी तिथं रुजू झाले तेव्हा चार इयत्ता, चार खोल्या, चार शिक्षक झाले होते. गुरुजी मुख्याध्यापक आणि मी सगळ्यात कनिष्ठ. माझ्याकडे तिसरी. गुरुजींनी कामाच्या बाबतीत मला कधी त्रास दिला नाही, आणि याचाही मला संशय यायचा. रजेचा अर्ज असो, बदलीचा असो, त्यांच्याच विरुद्ध कुरकुर असो, टेबलावर आलेला कागद ते त्याच दिवशी वर पाठवायचे. प्राथमिक शिक्षकाचा कुठलाही अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. एकदा एका शिक्षकाने वरच्या साहेबांकडे त्यांचीच तक्रार करणारा अर्ज रागारागाने त्यांच्यापुढे आपटला. गुरुजींनी चष्मा लावून तो वाचला, खाली सही केली आणि पाकिटात घातला. मी विचारलं, "गुरुजी, हा पण पाठवणार?" म्हणाले, "अहो बाई, अर्ज अडवायला मी कोण? मी फक्त मार्फत." हे ऐकून मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे.

मग गाव शहरात गेलं. शाळेवरची जिल्हा परिषदेची पाटी उतरली, महापालिकेची चढली. शेतं विकली गेली, हायवेच्या कडेने इमारती उठायला लागल्या, आणि ज्या घरांनी चढाओढीने दगड आणले होते त्या घरांची नातवंडं टाय लावून पिवळ्या बसमध्ये बसायला लागली. आण्णांचा नातूही त्यात होता. गुरुजी रस्त्यात दिसले की आण्णा दुसऱ्या बाजूने जायचे. आमचे वर्ग दिवसेंदिवस मोकळे दिसायला लागले, आणि कागदावरचा पट मात्र होता तिथंच. पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. तिच्यावर शाळेला किती शिक्षक मिळतात ते ठरतं. माझ्या वर्गात डोकी दिसायची बावीस आणि हजेरीत नावं सव्वीस. मुलं होती ती बरीचशी बांधकामावरच्या मजुरांची. गुरुजी उन्हाळ्यात सायकलवरून फिरायचे, वाळूचा ढीग दिसेल तिथं उतरायचे, आणि पत्र्याच्या खोपटांतून मुलांची नावं लिहून आणायचे. इमारत पुरी झाली की आईबाप दुसऱ्या साइटवर जायचे, मूलही जायचं. नाव मात्र आमच्याकडे राहायचं. "गुरुजी, ही मुलं चार चार महिने नाहीत. नावं कमी करायला हवीत," मी म्हणायचे. "राहू द्या बाई. येतील."

यावर कुणी विश्वास ठेवला असता? मी दर शनिवारी हजेरी त्यांच्या टेबलावर ठेवायचे आणि सोमवारी परत मिळायची. शनिवारी ज्या चौकोनांत मी काही लिहिलेलं नसे, त्यांतल्या बऱ्याच चौकोनांत सोमवारी 'ह' असायचा. हजर. माझी शाई निळी, त्यांची काळी-निळी. मी बोलले नाही. घरी एक छोटी वही केली आणि चारही वर्गांतली जी नावं नुसती नावंच होती ती उतरवायला लागले. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

त्यातच सुरेखा परत आली. ही माझ्या वर्गातली मुलगी, आईबापांबरोबर कात्रजकडे कुठल्याशा साइटवर गेली होती, वर्षभर पत्ता नव्हता. एका सकाळी केसांना तेल लावून, आईचा हात धरून दारात उभी. गुरुजींनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "हं. आहेस की तू. जा, बस." एवढंच. ना दाखला, ना अर्ज, ना पुन्हा दाखल करणं. ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, 'रे'ची मात्रा विसरून. मला हे बघून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे मुद्दाम माझ्यासमोर घडवून आणलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी सुरेखा पुन्हा गेली, आणि मी अर्ज लिहिला. का लिहिला? स्वतःला सांगितलं की नियम म्हणजे नियम. पण खरं कारण सांगते. त्या वर्षी गुरुजी निवृत्त होणार होते, गावाने मोठा सत्कार ठरवला होता, आणि खोट्या हजेरीवर हारतुरे घेणारा माणूस मला बघवेना. तीन रात्री जागून तीन वेळा लिहून काढला. विषय, संदर्भ, सोबत नावांची यादी, खाली 'एक हितचिंतक'. यादीत सदतीस नावं घातली. खरी होती एकेचाळीस. माझ्या वर्गातली चार मी गाळली, कारण त्या चौकोनांतले 'ह' मी बघूनही गप्प बसले होते आणि बोट माझ्याकडे वळायला नको होतं. त्या चारांत सुरेखा होती. पाकीट घराजवळच्या पेटीत नाही टाकलं. बसने स्वारगेटला जाऊन तिथल्या पेटीत टाकलं. इतकी काळजी घेतली.

महिना झाला, दीड महिना झाला, काही नाही. मला वाटलं, वरपर्यंत यांचे हात पोचलेले आहेत. आणि मग एका सकाळी चौकशीला साहेब आले. सगळ्या वर्गांत उभं राहून डोकी मोजली, रजिस्टरं मागवली आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "अर्जात एकेचाळीस नावं दिलीत." एकेचाळीस? मी तर सदतीस दिली होती. म्हणजे आणखी कुणीतरी अर्ज केला होता, आणि त्याला माझ्या वर्गातली चार नावंही माहीत होती. मी शिपायाकडे बघितलं, बरोबरच्या दोन शिक्षकांकडे बघितलं. त्या दिवसापासून मी त्या तिघांशी नीट बोलले नाही. पण एक सांगते, त्या अनोळखी दुसऱ्या अर्जदाराने मला फार आधार दिला. मी लिहिलं नसतं तरी हे व्हायचंच होतं, असं म्हणत मी पंचवीस वर्षं झोपले.

गुरुजींनी काहीच नाकारलं नाही. "हो साहेब, 'ह' मीच भरले. शिक्षकांचा संबंध नाही," म्हणाले. साहेबांनी विचारलं, "पण का?" तर म्हणाले, "नाव काढलं की परत यायला दाखला लागतो. यांना दाखला कोण आणून देणार?" साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. एकेचाळीस नावांवर लाल रेघ मारली गेली. गुरुजींच्या सेवापुस्तकात शेरा बसला. सत्काराच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. आण्णा इतक्या दिवसांनी रस्त्याची बाजू न बदलता शाळेत आले आणि म्हणाले, "लाल रेघा तुमच्या ऑफिसच्या. गुरुजी आमचं हायेत. सत्कार व्हनार." गुरुजींनी नको म्हटलं. शेवटच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे कुलूप लावून सायकलवर बसले आणि गेले.

पण त्याआधी एक दिवस आला, तो सांगायला हवा. दिवाळीनंतर सुरेखा परत आली. तेच तेल, तोच आईचा हात. गुरुजी आत टेबलाशी बसलेले. दारात मी होते. चौकशी चालू, कुणालाही कागदाशिवाय घ्यायचं नाही असा हुकूम. मी म्हटलं, "नाव कमी झालंय. दाखला आण, मग बघू." तिची आई म्हणाली, "कसला दाखला बाई? हितंच तर व्हती ती." मी पुन्हा तेच सांगितलं. सुरेखा आत वाकून स्वतःच्या जागेकडे बघत होती. तिथं दुसरी मुलगी बसली होती. त्या दोघी गेल्या, आणि मी वळून बघितलं तर गुरुजी रजिस्टर उघडं ठेवून बसले होते. बाहेर आले नाहीत. सुरेखा पुन्हा कधी आली नाही. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि शोधायचं धैर्य मी कधी केलं नाही...

पट घसरला तसं शाळेतलं एक शिक्षकपद गेलं. सगळ्यात कनिष्ठ मी. मी अतिरिक्त ठरले आणि माझी रवानगी मांजरीला झाली, वारज्याहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. म्हणजे त्या एकेचाळीस न दिसणाऱ्या मुलांनी इतकी वर्षं माझीच खुर्ची धरून ठेवली होती, हे मला हुकूम हातात पडल्यावर उमगलं. लगेच दुसरा विचार आला की हा सूड आहे. निरोप द्यायला गुरुजी बसस्टॉपपर्यंत आले होते, निवृत्तीला आठच दिवस उरलेले. म्हणाले, "बाई, तिकडे शाळा वाढतेय. आपलं अक्षर चांगलं आहे, फळा शोभेल." मी बसमध्ये बसून मांजरी येईपर्यंत त्या वाक्यात काय दडलंय ते शोधत होते.

त्यानंतरच्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, संध्याकाळी फोन आला. "बाई, पट किती झाला?" मी म्हटलं, "का हो?" "सहज." मी आकडा सांगितला. "छान," म्हणाले आणि ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दरवर्षी तोच दिवस, तोच प्रश्न. मला वाटायचं हा टोमणा आहे, वर्षातून एकदा न चुकता मला टोचायला फोन करतात. आकडा सांगण्याआधी मी दोनदा मोजायचे, चूक सापडू नये म्हणून. पण त्यांच्या भीतीने का होईना, मीही उन्हाळ्यात बाहेर पडायला लागले. उसाच्या फडाच्या कडेला, नव्या इमारतींच्या साइटवर, वाळूचा ढीग दिसेल तिथं थांबायला लागले. माझ्या शाळेचा पट वाढला. खरा पट. मी निवृत्त झाले त्या जूनमध्येही फोन आला. "गुरुजी, मी आता रिटायर झालेय." "असू द्या. शाळेवरून जाता ना? मुलं दिसत असतील." मागच्या वर्षी आवाज फार खोल गेला होता, प्रश्न मात्र तोच होता. तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं की गुरुजी, तो अर्ज मी केला होता. तोंडावर आलं आणि मी शाळेत विचारून ठेवलेला आकडा सांगितला.

यंदा शाळा उघडली. संध्याकाळभर मी फोन जवळ घेऊन बसले. नऊला जेवले. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि फाइल आणायला गेले.

शबानाने चहा केला. गुरुजींची खोली तशीच होती. भिंतीला सायकलचा जुना पंप, टेबलावर काळ्या-निळ्या शाईची दौत. तिने नाडीने बांधलेली फाइल दिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी नाडी सोडली.

वरचा कागद माझाच होता. माझा अर्ज, माझं अक्षर, डावीकडे घडी घालून सोडलेला समास. आणि साहेबांच्या नावाखाली, दुसऱ्या ओळीत, मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं... 'मार्फत - मा. मुख्याध्यापक'. आयुष्यात शंभर अर्ज लिहिलेला हात. त्याने निनावी अर्जही योग्य मार्गाने पाठवला होता. मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, या ओळीवर कधी घेतला नाही. कागदाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, ऑफिसातल्या कुणा कारकुनाची: मुख्याध्यापकांच्या अभिप्रायासह सादर करावा. म्हणजे अर्ज त्यांच्याच टेबलावर परत आला होता. त्यांनी तो फाडला असता तर जगात कुणाला कळलं नसतं.

खाली दुसरा कागद होता, टाइप केलेल्या अर्जाची कार्बन प्रत. शब्दन् शब्द माझाच. 'एक हितचिंतक'ही तसाच. फक्त मार्फतची ओळ नव्हती. टाइप कशाला केला असेल, हे कळायला मला वेळ लागला. वरच्या ऑफिसातल्या फाइलमध्ये माझं अक्षर राहू नये म्हणून. आणि मजकुरात एक दुरुस्ती होती, शुद्धलेखनाच्या वहीत करावी तशी. सदतीसच्या जागी एकेचाळीस. यादीच्या शेवटी चार नावं वाढवली होती, माझ्या वर्गातली. शेवटचं नाव सुरेखाचं.

तो दुसरा अर्जदार मला इतक्या वर्षांनी सापडला.

शबाना बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काही म्हणाले होते का गं ते, हे देताना?" तिने आठवून बघितलं. "नाही बाई. एवढंच म्हणाले, बाईंना दे. त्यांना मोजून बघायची सवय आहे."

मी तिच्यासमोरच यादीतली नावं मोजली. एकेचाळीस भरली.